काटा नाही, तरी 'सावर' कशी?

पेंचकडच्या टेकडीवर एक निष्पर्ण झाड दिसलं, फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळी फुलं. सोबतचा वाटाड्या 'गणेर' म्हणाला, पुस्तकात मात्र 'सोनसावर' सापडलं. काटेसावरीसारखे ना काटे, ना लाल फुलं, मग ही सावर कशी? आणि 'सावरणे'शी काही नातं? नागपूरच्या एका मैत्रिणीने हे विचारलंय.

सावरीचं नाव काट्यावरून पडलेलंच नाही. तसं असतं तर 'काटेसावर' म्हणून काटे वेगळे सांगावे लागले नसते. सावर म्हणजे जिच्या बोंडातून रेशमासारखा कापूस निघतो ती. सोनसावरीचंही बोंड उन्हाळ्यात उकलतं आणि तसाच कापूस बाहेर येतो. लोक तो उशांत भरत. काटेसावर कापूस-भेंडीच्या कुळातली आणि सोनसावर शेंदरीच्या झाडाच्या, तरी म्हणूनच लोकांच्या लेखी दोघी सावरीच. ही गफलत नव्हे, बारीक निरीक्षण आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनेही 1753 मध्ये हे झाड काटेसावरीबरोबर 'बॉम्बॅक्स' या एकाच गटात घातलं होतं!

शब्द आला संस्कृत 'शाल्मली'वरून. प्राकृतात सामली, सामरी, आणि पुढे 'म'चा अनुनासिक 'व' होऊन सांवरी, सांवर. श्यामलचा सांवळा झाला, ग्रामचं गांव झालं, तीच ही वाट. 1962च्या लेखननियमांनी डोक्यावरचा अनुस्वार गेला, त्याबरोबर 'म'ची खूणही पुसली गेली. 'सावरणे' मात्र संस्कृत 'संवृ' या धातूवरून आलंय. दोघांचा संबंध नाही.

'सोन' हे पिवळ्या रंगासाठी, सोनचाफ्यासारखं. (पांढराशुभ्र सोनटक्का आड येतो खरा.)

आता गणेर. विदर्भात हेच नाव जपावं असं मला मनापासून वाटतं, कारण जंगलात विचारपूस करायची तर तेच कामाला येतं. झाडाची जागाही तिथलीच आहे: कोरडे, तापणारे, खडकाळ उतार, जिथे कढई नावाच्या झाडाची पांढरी खोडं उभी असतात. दोघांचाही डिंक काढतात; गणेरीचा तो कतीरा. शहराच्या सपाट काळ्या मातीत हे झाड सहसा भेटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीच चढावी लागते, आणि बोंडं पाहायची तर त्यानंतर, ऐन उन्हात पुन्हा एकदा.