सर्जनशील की सृजनशील? आणि मराठीत 'क्रिएटिव्ह' कुणाला म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की डिझायनर पाहिजे म्हणून जाहिरात द्यायचीय, त्यात 'सृजनशील' लिहायचं की 'सर्जनशील'. आणि पुढचा भाग जास्त मजेशीर आहे, की क्रिएटिव्हला असले जड बनवलेले शब्दच वापरावे लागतात, म्हणजे ही कल्पनाच आपण बाहेरून आणली का.

पहिलं पटकन सांगतो. धातू सृज्, त्याला 'अन' प्रत्यय लागला की सर्जन होतं, म्हणून विसर्जन, उत्सर्जन. गणपतीचं विसृजन कुणी करत नाही. तेव्हा मराठीत छापायचं तर सर्जनशील. पण सोलापुरात सृजन जास्त कानावर पडतं त्याला कारण आहे, हिंदीत सृजन, कन्नडमध्ये सृजनशीलते, तेलुगूतही सृजन, आणि आपल्याकडं एकाच गल्लीत ह्या सगळ्या भाषा नांदतात, मग शब्द इकडून तिकडं जाणारच की. लाल शाई घेऊन मी तरी मागं लागणार नाही. (शिवाय 'सर्जन' म्हटलं की निम्म्या लोकांना ऑपरेशनवाला डॉक्टर आठवतो, ती भानगड सृजनला नाही.)

ह्या सृज्‌चा मूळ अर्थ मात्र बघण्यासारखा आहे. सोडणे, बाहेर टाकणे. मुंडकोपनिषदात कोळ्याचा दाखला आहे, तो आपल्यातूनच धागा सोडतो आणि परत आत घेतो, तिथं शब्द 'सृजते' आहे. म्हणजे काही नव्हतं आणि एकदम झालं असं नाही, आत होतं ते बाहेर सोडलं. हिब्रूत वेगळीच तऱ्हा. बायबलच्या पहिल्याच वाक्यात, देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली तिथं, 'बारा' हे क्रियापद येतं, आणि निर्माण करणे या अर्थाने त्याचा कर्ता हिब्रू बायबलात कायम देवच असतो, माणसानं कितीही कारागिरी केली तरी त्याला दुसरी क्रियापदं वापरायची. युरोपातही 'क्रिएट' करणं फार काळ देवाच्याच खात्यावर होतं. आज आपण जिला क्रिएटिव्हिटी म्हणतो तो शब्द इंग्रजीत सर्रास झाला विसाव्या शतकात, आणि मानसशास्त्रात त्याला वजन आलं ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या 1950 च्या भाषणानंतर. तेव्हा त्यांच्याकडं जुनं आणि आपल्याकडं उसनं असा हिशेब बसत नाही.

आता आपल्याकडं काय होतं ते. नाम शोधत बसलात तर प्रतिभा सापडेल, पण खरी गंमत क्रियापदात आहे. मराठीत कल्पना 'सुचते', आणि ती 'मला' सुचते, मी सुचत नाही. कर्तेपणा माझ्याकडं नाहीच, मी फक्त हजर. बरं, सुचल्यावर मी काय करतो, तर 'काढतो'. चित्र काढतो, रांगोळी काढतो, कशिदा काढतो, युक्ती काढतो. चादरीच्या जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरत बसलेला माणूससुद्धा नवी डिझाईन 'काढली' म्हणेल, 'निर्माण केली' म्हणणार नाही. म्हणजे उपनिषदातला तो सोडणारा-बाहेर टाकणारा अर्थ साध्या बोलण्यात अजून जिवंत आहे असं मला वाटतं. व्युत्पत्ती म्हणून नाही हां, विचार करायची सवय म्हणून.

शेजारी ऐका. कन्नड माणूस म्हणतो 'ननगे होळेयितु', मला चमकलं. तेलुगूत 'नाकु तट्टिंदि', तट्टु म्हणजे थापटणे, टकटक करणे, म्हणजे विचार येऊन दारावर थाप मारतो. तिन्हीकडं माणूस चतुर्थी विभक्तीत, 'मला'! उर्दूत असामान्य बुद्धीच्या माणसाला अबक़री म्हणतात, तो शब्द अरबीतून आलाय, आणि अरबांच्या जुन्या समजुतीत अबकर ही जिन्नांची जागा, कवीच्या तोंडून बोलायचा तो जिन्न. लॅटिनमधला जीनियस हाही आधी माणसाबरोबर राहणारा रक्षक देवच होता, माणूस स्वतः जीनियस व्हायला लागला ते फार पुढं. तुकोबा 'आपुलिया बळें नाही मी बोलत' म्हणतात ते याच पंगतीतलं.

पण सगळेच वरून यायची वाट बघत बसले नव्हते. रामदासांनी दासबोधात कवित्वाचे तीन प्रकार सांगितलेत, धीट, पाठ आणि प्रासादिक. मनात येईल ते ठोकून दिलं की धीट, पुष्कळ वाचून त्याच्यासारखं केलं की पाठ, आणि वरचा मान प्रासादिकाला, म्हणजे देवाच्या कृपेनं आपोआप येईल त्याला. जपानी चहाविधीत आणि युद्धकलांत मात्र 'शु-हा-री' म्हणतात, आधी नियम पाळ, मग मोड, मग सोडून जा, तिथं पाठाशिवाय पुढची पायरीच नाही. कन्फ्यूशियस तर सरळ म्हणतो की मी पुढं पोचवतो, नवं रचत नाही. मला यात सगळ्यात पटतो तो मम्मट, अकराव्या शतकातला काश्मिरी काव्यशास्त्रकार. काव्याला शक्ती (म्हणजे उपजत प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास लागतो असं तो सांगतो आणि वर बजावतो की ही तीन कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण. त्यानं 'हेतु', म्हणजे कारण, हा शब्द मुद्दाम एकवचनात ठेवलाय. नुसत्या टॅलेंटच्या गप्पा मारणाऱ्यांना हे एकवचन दाखवायला पाहिजे.

आणि केलेलं काम कुणाचं? आपले संत 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' करून नाव घालतात. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, वचनं (म्हणजे शिवभक्तीच्या छोट्या रचना) कन्नडमध्ये, आणि त्यांच्या वचनाखाली सही येते 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन', म्हणजे देवाचं नाव. बसवण्णांच्या वचनातही कूडलसंगमदेव. दोन्ही भक्तच, पण मुद्रा घालायची रीत किती वेगळी, आणि सोलापूरकराला दोन्ही घरच्या.

तर जाहिरातीपुरतं माझं मत, 'कल्पक डिझायनर पाहिजे' लिहा, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, कुणालाही कळतो. सर्जनशील राहू दे पुस्तकाच्या परीक्षणात. प्रतिभावान कवीला शोभतो, पगारी माणसाला म्हटलं तर टोमणा वाटतो. हातात कसब असलेला तो हुन्नरी. आणि मोडकं लूम तारेच्या तुकड्यावर चालू करणारा हिकमती, हल्ली त्याला सगळे जुगाडू म्हणायला लागलेत, हिकमती असताना त्याची काय गरज होती कळत नाही, पण ऐकतंय कोण.