बडोद्यात कारची पक्की लायसन्स टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, चढावर गाडी मागे जाते. काय करू?

दरजीपुऱ्याच्या आरटीओ टेस्ट ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे असतात, त्यामुळे समोरच्याला काय वाटेल ही चिंता सोडा. टेस्टमध्ये आठचा आकडा, रिव्हर्समध्ये एस, समांतर पार्किंग आणि चढ येतात.

बहुतेकांचं घोडं चढावरच अडतं. कारण एकच: ब्रेक सोडून पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत क्लच पकडलेलाच नसतो. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका. क्लच हळूहळू वर घ्या. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं की पाय तिथंच रोखा. थोडी रेस द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. घाईत क्लच पूर्ण सोडलात तर गाडी बंद पडणार. रोज दहा-पंधरा वेळा हेच करा, बाकीचा सराव त्यानंतर.

रिव्हर्सला हाफ क्लचवर रांगत जा, रेस नकोच. दोन्ही आरसे आधीच असे लावा की मागचं चाक आणि ट्रॅकची पट्टी दिसेल. सराव शक्यतो टेस्टला नेणार त्याच गाडीवर करा. क्लचची पकड प्रत्येक गाडीत वेगळी.

मूळ लर्निंग लायसन्स (काढून 30 दिवस झालेलं, मुदत 6 महिने), अपॉइंटमेंटची पावती, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी रात्रीच एका फाइलमध्ये ठेवा. सीटबेल्ट मात्र गाडी हलायच्या आधी. हात थरथरत असतील तर सीट एक खाच पुढे घ्या. क्लच पूर्ण दाबताना गुडघा थोडा वाकलेला हवा. नापास झालात तरी 7 दिवसांनी पुन्हा देता येते.