अपघातानंतर समोरचा चालक ‘आपापसांत मिटवू’ म्हणत असेल तर मिटवावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवारी संध्याकाळी सांगलीत विश्रामबाग चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून एका कारने धडक दिली. मागचा बंपर फुटला आणि डिकीचे झाकण दबले. त्या गृहस्थांनी जागेवरच चूक मान्य केली आणि ‘पोलीस नको, विमा नको, दहा हजार देतो, विषय संपवू’ असा प्रस्ताव ठेवला. गॅरेजवाल्याने वरवर पाहून साडेअठरा हजारांचा अंदाज दिला. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की दुसऱ्या दिवसापासून पत्नीची मान थोडी आखडली आहे.

मी साताऱ्यात राहतो. वकील नाही, परंतु वकिलांच्या कार्यालयात मोटार अपघात दाव्यांची कागदपत्रे तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नातील खरा विषय बंपर नसून ते शेवटचे वाक्य आहे. मागून धडक बसली की मान झटक्याने पुढे-मागे जाते, आणि तिचे दुखणे पुष्कळदा त्या क्षणी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. त्यामुळे आधी पत्नीला डॉक्टरांकडे न्या, अपघाताची तारीख, वेळ आणि धडक कशी बसली हे स्पष्ट सांगा आणि ते केसपेपरवर लिहिले गेले आहे याची तिथेच खात्री करा. सांगलीच्या सिव्हिलमध्ये गेलात तर ते स्वतःहूनच विचारतील. खासगी दवाखान्यात मात्र ‘मान दुखते’ एवढेच लिहून औषध दिले जाते आणि पुढे त्या कागदाचा अपघाताशी संबंध जोडणे कठीण होऊन बसते. डॉक्टर ‘काही विशेष नाही’ असे म्हणेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका आणि एक रुपयाही स्वीकारू नका.

दुखापत असेल तर ‘मिटवणे’ या शब्दाला कायद्यात फारसा अर्थ उरत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, जागेवर पोलीस नसतील तर चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात माहिती देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे बंधनकारक आहे. नुसत्या फुटलेल्या बंपरसाठी सहसा कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही हे खरे. पण कलमात ती सूट लिहिलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मधील बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा तर पक्षकारांना आपापसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच बसत नाही. ‘पैसे घेतले, आता तक्रार करणार नाही’ असे मुद्रांकावर लिहून घेतले, तरी फौजदारी कारवाई दडपण्यासाठी केलेला करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार निरर्थक ठरतो. म्हणजे देणाऱ्याला त्यातून संरक्षण मिळत नाही, आणि घेणाऱ्याच्या हाती मात्र स्वतःविरुद्ध वापरला जाईल असा कागद राहतो. शारीरिक इजेच्या भरपाईचा रस्ता मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खालील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. ‘बघू, नंतर ठरवू’ म्हणत बसण्याइतकी ती मोठी नाही.

माझ्या चुलत भावाची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. कराडजवळ वळणावर त्याच्या गाडीचा धक्का लागून एक तरुण मोटारसायकलवरून पडला, स्वतःच उठला, कपडे झटकले आणि ‘काही नाही झालं, दादा’ म्हणाला. भावाने त्याच्या खिशात दोन हजार रुपये कोंबले आणि तो घरी येऊन शांत झोपला. दोन दिवसांनी त्या तरुणाच्या खांद्याजवळचे हाड मोडल्याचे निघाले आणि घरच्यांनी तक्रार दिली. भावाच्या बाजूने पोलिसांत नोंद नव्हती, विमा कंपनीला कळवलेले नव्हते, त्याला दवाखान्यात नेल्याचा पुरावा नव्हता. दिलेले दोन हजार उलट ‘चूक होती म्हणूनच दिले’ असे बोलले जाऊ लागले. तो तरुण खोटे बोलत नव्हता आणि भाऊही पळून गेलेला नव्हता. दोघांनीही न तपासलेल्या शरीराचा व्यवहार रस्त्यावर केला होता.

आता नुसत्या पत्र्याकडे येऊ. डॉक्टरांनी निर्वाळा दिला आणि प्रश्न केवळ गाडीचा उरला, तर मिटवण्यात काहीही गैर नाही. कित्येकदा तेच शहाणपणाचे असते. पण दहा हजार हा आकडा कशावरून आला, हे त्यांना विचारा. तो त्यांच्या खिशावरून आलेला आहे, तुमच्या गाडीवरून नव्हे. काही वर्षांपूर्वी वाढे फाट्याजवळ माझ्या गाडीला मागून अशीच धडक बसली होती, आणि बंपरवर हाताच्या पंजाएवढी चीर दिसत होती म्हणून मी जागेवर पाच हजार घेऊन हात मिळवला. गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावर आतील लोखंडी आडवी पट्टी मध्यभागी वाकलेली निघाली, पार्किंग सेन्सरची वायर चेमटलेली होती आणि डिकीखालचा पत्रा सुरकुतला होता, त्यामुळे पावसाचे पाणी स्टेपनीच्या खोबणीत साचू लागले होते. बिल एकवीस हजारांच्या पुढे गेले. ते गृहस्थ सज्जन होते, त्यांनी फोनही उचलला, पण ‘तुम्हीच पाच म्हणालात’ या त्यांच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्लॅस्टिकचा बंपर दाबला की पुन्हा जवळजवळ जाग्यावर येतो आणि आतील नुकसान झाकून टाकतो. तुमचे साडेअठरा हजारही बंपर न उघडता काढलेले आहेत, हे ध्यानात ठेवा.

यापेक्षा मोठा सापळा विम्याचा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. आपल्या मोटार पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कसलीही कबुली, देकार, आश्वासन किंवा रक्कम द्यायची नाही. त्यामुळे त्या गृहस्थांनी तुम्हाला परस्पर पैसे दिले आणि उद्या पत्नीच्या मानेचा दावा उभा राहिला, तर त्यांच्या कंपनीकडे त्यांच्याशी वाद घालायला निमित्त तयार असते. तुमच्या बाजूनेही तसेच आहे. तुमची कंपनी तुमचे नुकसान भरून देते, तेव्हा तुमच्या जागी उभे राहून दोषी पक्षाकडून वसुली करण्याचा हक्क तिला मिळतो. ‘संपूर्ण व अंतिम’ असे लिहून दहा हजार घेतलेत, तर तो हक्क तुम्हीच सोडून दिला असे म्हणून कंपनी तुमचा क्लेम अडवू शकते. एकाच नुकसानीचे पैसे त्यांच्याकडूनही घेणे आणि कंपनीकडूनही घेणे हा तर सरळ लबाडीचा प्रकार झाला. म्हणून कोणत्या वाटेने जायचे, हे पैसे हातात घेण्याआधी ठरवावे लागते.

ते ठरवताना हिशेब कागदावर मांडावा. समजा तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी नऊ हजार आहे आणि सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट, मिळतो आहे. दुरुस्ती दहा हजारांची आहे, त्यात सहा हजारांचा बंपर आणि चार हजारांची मजुरी व रंग. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसेल तर प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजाराची सक्तीची वजावट असते. रंगाच्या सामानावरही थोडा घसारा लागतो, म्हणजे हाती फार तर सहा हजार येतात. उलट क्लेम केल्यावर बोनस शून्यावर येतो. क्लेम नसता तर पुढच्या तीन वर्षांत तो ४५, ५० आणि ५० टक्के झाला असता. आता तो शून्य, २० आणि २५ टक्के राहील. हप्ता तोच धरला तर तीन वर्षांत नऊ हजारांचे नुकसान. सहा मिळवायला नऊ घालवायचे, असा हा व्यवहार. इथे खुशाल मिटवावे. पण बिल पंचवीस-तीस हजारांकडे झुकले, किंवा झिरो डेप असेल, तर पारडे लगेच फिरते.

त्यांच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या गाडीची भरपाई मागता येते आणि त्याने तुमच्या बोनसला धक्का लागत नाही, हेही खरे. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणपणे साडेसात लाखांची असते. मात्र ती रक्कम मिळवायला न्यायाधिकरणात जावे लागते, आणि एका बंपरसाठी तारखा घेत बसण्याचा सल्ला मी देणार नाही.

ते विमा का टाळत आहेत, हेही पाहून घ्या. बोनस वाचवणे हे साधे आणि पटण्यासारखे कारण आहे. पण कधी विम्याची मुदत संपलेली असते, कधी चालवणाऱ्याकडे परवाना नसतो, कधी गाडी मेव्हण्याच्या नावावर असते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत मिनिटभरात कळते. (आपल्या भागात गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा धक्का बसला तर आणखी सावध राहावे. चालक बिचारा मुकादमाला फोन लावतो, मुकादम ‘पाठवतो की’ म्हणतो, आणि प्रत्यक्षात ट्रॅक्टर एकाच्या नावावर तर ट्रॉली दुसऱ्याच्या नावावर निघते. तिथे चालकाशी मिटवणे म्हणजे कोणाशीच न मिटवणे होय.) चौकात जमलेल्या मंडळींनी काय निवाडा दिला, याला अर्थ नाही, ‘मोठ्या गाडीची चूक’ हा नियम फक्त गर्दीच्या कायद्यात आहे.

मिटवायचे ठरलेच तर माझी सूचना अशी. त्यांना सांगा की ठरावीक आकडा नको, बंपर उघडून जे बिल निघेल ते त्यांनी थेट गॅरेजच्या खात्यावर भरावे. रोख नको आणि ‘अर्धे आता, अर्धे दिवाळीला’ हेही नको. एका कागदावर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि दोघांची नावे लिहून ‘ही रक्कम केवळ वाहनाच्या दुरुस्तीपोटी असून शारीरिक इजेशी हिचा संबंध नाही’ हे वाक्य घाला आणि दोघांनी सह्या करा. मुद्रांकावर करायचे असेल तर महाराष्ट्रात आता पाचशेचा घ्यावा लागतो. तारण म्हणून कोणाचे आरसी बुक किंवा लायसन्स ठेवून घेऊ नका आणि आपलेही देऊ नका. ते बिल भरायला कां-कूं करू लागले, तर त्यांचा हेतू तिथेच कळेल आणि तुमचा स्वतःच्या विम्याचा रस्ता तोवर मोकळा राहिलेला असेल.

तो मोकळा राहावा म्हणून विमा कंपनीला आजच अपघाताची नुसती सूचना देऊन ठेवा. सूचना देणे म्हणजे क्लेम घेणे नव्हे. सूचना देऊन पुढे क्लेम घेतला नाही तर त्या अपघातापोटी कंपनीकडून पैसे गेलेले नसतात, आणि बोनस जातो तो क्लेम घेतल्यावर. उशीर का झाला, हे एका ओळीत लिहा. मानेचे दुखणे वाढले तर पोलीस ठाण्यातही अशीच माहिती द्या. आणि गॅरेजवाल्याला बजावून ठेवा की बंपर उतरवताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढायचे आणि निर्णय होईपर्यंत, गरज पडल्यास विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत, दुरुस्तीला हात लावायचा नाही, फुटलेला भाग भंगारात टाकायचा नाही.