व्याख्यानाला गर्दी, कामाला मात्र तेच चार जण

प्रश्न : आमच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. दर वर्षी जानेवारीत आम्ही 5 दिवसांची व्याख्यानमाला घेतो आणि सभागृह भरून जाते. पण बालविभाग, अभ्यासिका आणि वस्त्यांवर जाणारी पुस्तकपेटी ही कामे आम्ही तेच चार कार्यकर्ते ओढत आहोत. दर वर्षी आवाहन करूनही कोणी पुढे येत नाही. लोकांना आस्थाच नाही, असे समजावे काय?
— एक कार्यवाह, जि. सांगली

उत्तर : तसे कृपया समजू नये. थंडीच्या दिवसांत घरचे आवरून जो माणूस सलग पाच संध्याकाळी आपल्या सभागृहात येऊन बसतो, त्याला आस्था नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. माझ्या मते उणीव आवाहनात आहे. बहुतेक ठिकाणी ते आभारप्रदर्शनाच्या अखेरीस केले जाते. तोवर वक्ते उठलेले असतात, लोक चपला शोधत असतात, आणि त्या गडबडीत ‘सर्वांनी सहकार्य करावे’ एवढेच कानांवर पडते. कोणते काम, कोणत्या दिवशी, किती वेळ, यांतले काहीच त्यात नसल्यामुळे मनात असूनही माणूस तसाच घरी जातो.

गाडगेबाबांच्या कीर्तनाचा क्रम येथे आठवावा. ते गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडू लागत, आणि कीर्तन त्यानंतर रात्री होई. म्हणजे श्रोता समोर येऊन बसे तेव्हा त्याने, किंवा निदान त्याच्या शेजाऱ्याने, त्या दिवशी काहीतरी काम केलेले किंवा होताना पाहिलेले असे. शिवाय बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आपली व्याख्यानमाला मात्र श्रोत्याला पाचही दिवस गप्प बसवते आणि सहाव्या दिवशी त्याने आपणहून उठावे अशी अपेक्षा धरते.

मी एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीत असताना आमचीही हीच तक्रार होती. एका वर्षी आम्ही दारापाशी एक वही ठेवली आणि तिच्या प्रत्येक पानावर एकच काम लिहिले : ‘शनिवार, दुपारी 4 ते 6, फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती, माणसे 3’. त्या पानावर पहिले नाव एका निवृत्त शिंपीकाकांचे आले. ते स्वतःची जाड सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन आले, सुटलेली पाने मांडीवर ठोकून सारखी केली आणि दोन तासांत सात पुस्तके शिवून दिली. अनेक वर्षे ते व्याख्यानांना येत होते. आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

पैशांच्या बाबतीतही लहान आणि नेमाची मागणी अधिक टिकते. 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कार्यात मुष्टिफंडाला मोठे स्थान होते. घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला निघे आणि त्यावर वसतिगृहातील मुले जेवत. मोठी देणगी देणारा पावती घेऊन मोकळा होतो, पण रोज मूठ बाजूला काढणाऱ्या बाईला ती मुले आपली वाटू लागतात. जमा-खर्च मात्र वार्षिक अहवालात दडवून न ठेवता दर महिन्याला दारातील फळ्यावर लिहावा.

आता थोडे कठीण बोलतो, राग मानू नये. नवा माणूस आल्यावर जुने चौघे त्याला सतरंज्या उचलायला सांगतात आणि निर्णय स्वतःकडेच ठेवतात, असे मी बऱ्याच संस्थांत पाहिले आहे. तो दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. पुस्तकपेटी कोणत्या वस्तीवर न्यायची आणि तिच्यात कोणती पुस्तके ठेवायची, हे ती नेणाऱ्यालाच ठरवू द्यावे. स्त्रियांना यावेसे वाटत असेल, तर कामाची वेळ संध्याकाळच्या स्वयंपाकाची नसावी.

यंदा पहिल्या दिवशी व्याख्यान संपताच, आभारापूर्वी, दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि कार्यवाहांऐवजी पुस्तकपेटीची वाट पाहणाऱ्या वस्तीवरील एखाद्या मुलीला तिने वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलू द्यावे. त्यानंतर वही दारात न ठेवता रांगांमधून फिरवावी.