वाचकांचे प्रश्न: मध्यक, आलेख आणि नाणेफेक

प्रश्न: वर्गीकृत सारणीवरून मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) काढताना सूत्र तेच वापरूनही माझं उत्तर कधी बरोबर येतं, कधी भलतंच. चूक कुठे होत असावी?

उत्तर: बहुधा संचित वारंवारतेचा, म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या सगळ्या निरीक्षणांच्या बेरजेचा, चुकीचा आकडा उचलला जात असावा. ही सारणी घ्या: ० ते १० मध्ये ४ निरीक्षणं, १० ते २० मध्ये ९, २० ते ३० मध्ये १४, ३० ते ४० मध्ये ८ आणि ४० ते ५० मध्ये ५, एकूण ४०. संचित वारंवारता अनुक्रमे ४, १३, २७, ३५, ४०. एकूणाचे निम्मे २०, आणि हा आकडा पहिल्यांदा ओलांडला जातो तो वर्ग २० ते ३०. हा झाला मध्यकवर्ग. सूत्रात घालायची ती याच्या आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता, म्हणजे १३. वीसातून तेरा गेले, राहिले ७. सातला मध्यकवर्गाच्या वारंवारतेने, १४ ने, भागा आणि वर्गाच्या रुंदीने, १० ने, गुणा. आले ५. ते खालच्या मर्यादेत, म्हणजे २० मध्ये, मिळवले की मध्यक २५.

१३ ऐवजी मध्यकवर्गासमोरचेच २७ घेतले तर उत्तर १५ येतं, आणि १५ हा आकडा २० ते ३० च्या बाहेर आहे. ही पडताळणी कधी सोडू नका: मध्यक मध्यकवर्गाच्या आतच पडला पाहिजे.

सूत्र पाठ करण्यापेक्षा त्याचं काम समजून घेतलेलं बरं. मध्यकवर्गात शिरण्यापूर्वी १३ निरीक्षणं संपली, विसाव्यापर्यंत जायला आणखी ७ हवीत, वर्गात आहेत १४, म्हणून अर्धा वर्ग ओलांडायचा. वर्गातली निरीक्षणं सारख्या अंतराने पसरली आहेत असं इथे धरलेलं असतं, त्यामुळे हे उत्तर अंदाजी असतं. मूळ आकडे हाताशी असतील तर ते चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, सूत्राच्या वाटेला जाऊच नका.

आणखी एक खड्डा खंडित वर्गांचा. वर्ग १०–१९, २०–२९ असे दिले असतील तर आधी ते सलग करा: ९.५ ते १९.५, १९.५ ते २९.५. खालची मर्यादा १९.५ आणि रुंदी १०. इथे पुष्कळ जण २९ मधून २० वजा करून रुंदी ९ धरतात. वरच्याच वारंवारता असतील तर मध्यक २४.५ येईल.

प्रश्न: मध्य आणि मध्यक यांतला कोणता कधी वापरायचा? आणि हे आकडे काढल्यावर आलेखाची गरज उरते का?

उत्तर: १२, १४, १५, १५, १६, १८, ६४ हे सात आकडे पाहा. बेरीज १५४, म्हणून मध्य, म्हणजे सरासरी, २२. पण सातांपैकी सहा आकडे या २२ पेक्षा लहान आहेत. मध्यक १५, बहुलकही (सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा) १५. आता ६४ च्या जागी १९ लिहा: मध्य घसरून सुमारे १५.६ होतो, मध्यक जागचा हलत नाही. टोकाच्या एखाद्या आकड्याने चित्र बिघडत असेल तर मध्यक सांगावा. मात्र एकूण बेरजेशी काम असेल, म्हणजे सरासरीवरून एकूण साठा किंवा एकूण वेळ काढायचा असेल, तर मध्यच हवा. मध्यकाला निरीक्षणांच्या संख्येने गुणून एकूण मिळत नाही. आणि ६४ हा आकडा दिसला म्हणून तो लगेच खोडू नका. आधी तो लिहिण्यातली चूक आहे की खरं निरीक्षण, ते तपासा.

आलेखाची गरज उरतेच. फ्रान्सिस अँस्कम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांत आडव्या मापांचा मध्य ९, उभ्या मापांचा सुमारे ७.५, सहसंबंध (दोन मापं किती सरळ रेषेत बरोबर बदलतात याचं माप) सुमारे ०.८२ आणि जुळणारी सरळ रेषाही जवळजवळ तीच. कागदावर काढल्यावर मात्र पहिल्यात रेषेभोवती विखुरलेले बिंदू, दुसऱ्यात चक्क वक्र, तिसऱ्यात सरळ रेषेवरचे बिंदू आणि एक भरकटलेला, तर चौथ्यात एक बिंदू वगळता बाकी सगळे एकाच उभ्या ओळीत.

प्रश्न: आलेख वाचताना नेमकं काय पाहायचं? स्तंभालेख आणि आयतालेख यांत फक्त दोन स्तंभांमधल्या फटीचाच फरक आहे का?

उत्तर: सर्वांत आधी उभा अक्ष कुठून सुरू होतो ते पाहा. दोन किमती ४८ आणि ५२ आहेत आणि अक्ष ४६ पासून सुरू केला आहे असं समजा. एक स्तंभ २ एककं उंच, दुसरा ६. डोळ्याला दुसरा तिप्पट दिसतो, प्रत्यक्षात तो जेमतेम ८ टक्क्यांनी मोठा आहे. स्तंभाची लांबी हेच जिथे माप असतं, तिथे अक्ष शून्यापासूनच हवा. रेषालेखाला ही सक्ती नाही, कारण तिथे आपण चढउतार पाहतो. तरी अक्ष तोडला असेल तर तशी खूण केलेली असावी. त्यानंतर एकक, मग ‘कशाचे टक्के’ हा प्रश्न. एका वर्गात ८ पैकी ४ आणि दुसऱ्यात ८०० पैकी ४०० असतील तर दोन्ही स्तंभ ५० टक्क्यांवर थांबतील, पण पहिल्यात एक जण इकडचा तिकडे झाला तरी स्तंभ साडेबारा टक्क्यांनी हलेल.

फटीचा फरक आहे तो कारणामुळे. स्तंभालेखात आडव्या अक्षावर सुटे प्रकार असतात, त्यांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. आयतालेखात सलग माप असतं आणि वारंवारता दाखवतं ते आयताचं क्षेत्रफळ. वर्गांची रुंदी सारखी असेपर्यंत उंची आणि क्षेत्रफळ यांत भांडण होत नाही, म्हणून हा मुद्दा विसरला जातो. ० ते १० मध्ये ६, १० ते २० मध्ये १० आणि २० ते ४० मध्ये १२ निरीक्षणं असतील, तर तिसरा आयत १२ उंच काढणं चूक. तो दुप्पट रुंद आहे, म्हणून उंची निम्मी, ६. उभ्या अक्षावर मग ‘दर १० एककांमागे वारंवारता’ असं लिहावं लागतं.

प्रश्न: वृत्तालेखातल्या कोनांची बेरीज ३५७ किंवा ३६१ अंश येते. काय करावं?

उत्तर: प्रत्येक कोन वेगळा पूर्णांकात आणल्यामुळे हे होतं. सात समान भाग असतील तर एकेक कोन सुमारे ५१.४३ अंश; सगळे ५१ केले की तीन अंश गायब. त्याऐवजी बेरजा करत जा आणि त्या पूर्णांकात आणा: ५१, १०३, १५४, २०६, २५७, ३०९, ३६०. कोनमापक पहिल्या त्रिज्येवर ठेवून या खुणा करा. अर्धवर्तुळी असेल तर १८० नंतर तो फिरवून पुढचा भाग मोजा. प्रत्येक नवा कोन मागच्या रेषेवरून मोजला की हाताची चूकही साठत जाते.

प्रश्न: दोन नाणी उडवली तर दोन छापे, दोन काटे, किंवा एकेक, अशा तीनच शक्यता. मग दोन छाप्यांची संभाव्यता १/३ का नाही? आणि फासा चार वेळा टाकल्यावर निदान एकदा सहा पडण्याची ४/६ का नाही?

उत्तर: तीन प्रकार आहेत हे खरं, पण ते समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, नाहीत. एका नाण्यावर मनातल्या मनात खूण करा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. ‘एकेक’ हा प्रकार दोन मार्गांनी घडतो. छेद ४, म्हणून उत्तर १/४. या चुकीचं वाईट वाटून घेऊ नका. द’अलाँबेरसारखा गणिती याच जातीच्या चुकीत सापडला होता. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात २/३ सांगितली, कारण पहिल्याच फेकीत छापा आला की तो तिथेच थांबून ती एकच शक्यता मोजत होता. खरं उत्तर ३/४.

फाशाचं ४/६ खरं मानलं तर सहा फेकींत सहा पडणारच आणि सात फेकींत संभाव्यता ७/६ होणार, जी १ पेक्षा मोठी. ‘निदान एकदा’ असे शब्द दिसले की उलट बाजूने जा. एका फेकीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. चारही फेकींत न पडण्याची ५/६ चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की ६७१/१२९६, सुमारे ०.५१८. दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा पडण्याची हीच रीत लावा: १ वजा ३५/३६ चा चोविसावा घात, सुमारे ०.४९१. निम्म्याच्या या दोन बाजू कशा, हा द मेरे या फ्रेंच सरदाराला पडलेला पेच पास्कल या गणितज्ञाने १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवला होता.

प्रश्न: नाणं १०० वेळा उडवलं, ५८ छापे आले. नाणं खोटं समजायचं का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. खऱ्या नाण्याच्या १०० फेकींत ५० पासून साधारण ५ चा फरक अगदी नेहमीचा; फेकींच्या संख्येचं वर्गमूळ काढून निम्मं केलं की हा अंदाज मिळतो. ८ किंवा त्याहून जास्त फरक, कुठल्याही बाजूला, सात-आठ प्रयोगांतून एकदा दिसतोच. जॉन केरिच या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना १०,००० फेकी केल्या, छापे आले ५,०६७. फरक ६७, म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा. गुणोत्तर मात्र ०.५०६७.

पुढच्या फेकींत काटे जास्त पडून हिशेब बरोबर होईल, असंही समजू नका. पुढच्या ९०० फेकींत अपेक्षेप्रमाणे ४५० छापे आले तर एकूण ५०८, गुणोत्तर ०.५०८. आठांचा फरक तसाच राहिला, फक्त छेद वाढल्याने तो लहान झाला. सराव करायचा तर दर १० फेकींनंतर आतापर्यंतचे छापे भागिले आतापर्यंतच्या फेकी, असं गुणोत्तर काढा आणि रेषालेखावर बिंदू मांडा. नाणं दरवेळी हवेत उंच उडवा. टेबलावर गरगर फिरवलेलं नाणं कडेच्या घडणीमुळे एका बाजूला जास्त पडू शकतं, आणि मग तुम्ही मोजत असता ती वेगळीच संभाव्यता.