वाचक विचारतात: अमेरिकन शालेय फुटबॉलमधले वर्ग आणि खेळाडूंची बदली

प्रश्न: मुलगा टेक्सासमध्ये हायस्कूलला आहे. त्याची शाळा '5ए, डिव्हिजन 2' मध्ये खेळते. ओहायोतल्या भाच्याची शाळा नुसतीच 'डिव्हिजन 2' मध्ये आहे. दोन्ही शाळा एकाच ताकदीच्या समजायच्या का?

नाही. वर्गवारी प्रत्येक राज्याची संघटना आपापली ठरवते, त्यामुळे दोन राज्यांतल्या आकड्यांची तुलना करूच नये. दिशासुद्धा उलटी असते. टेक्सासमध्ये आकडा वाढेल तशी शाळा मोठी, म्हणजे 1ए सर्वांत लहान आणि 6ए सर्वांत मोठी. ओहायोत सात डिव्हिजन आहेत आणि तिथे पहिली सर्वांत मोठ्या शाळांची.

टेक्सासमध्ये युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, नववी ते बारावीचा पट मोजते. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरअखेरचा पट धरला जातो आणि सम वर्षाच्या फेब्रुवारीत नवी विभागणी जाहीर होते. 2024 ते 2026 या काळासाठी 2,275 किंवा त्याहून जास्त पट असलेली शाळा 6ए मध्ये गेली. त्यामुळे सीमारेषेवरच्या शाळेत दहा-वीस मुले कमी-जास्त झाली तरी प्रतिस्पर्धी बदलतात, प्रवासाची अंतरेही बदलतात.

पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो डिव्हिजनवरून. 5ए आणि त्याखालच्या वर्गांत डिव्हिजन 1 आणि 2 हंगामाआधीच पटावरून पाडलेले असतात. 6ए मध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक जिल्ह्यातून, म्हणजे लीगने पाडलेल्या साखळी गटातून, चार संघ प्लेऑफला (बाद फेरीला) जातात, त्यांतल्या जास्त पटाच्या दोन शाळा डिव्हिजन 1 मध्ये आणि उरलेल्या दोन डिव्हिजन 2 मध्ये पडतात. म्हणून 6ए चा संघ कोणत्या गटातून खेळणार हे साखळी संपेपर्यंत पक्के नसते. जिल्ह्यात पहिला आलेला संघही डिव्हिजन 2 मध्ये जाऊ शकतो, आणि त्यात त्याचा कमीपणा काहीच नाही.

इलिनॉयची रीत आणखी वेगळी. 2024 च्या हंगामात तिथे आधी 256 संघ पात्र ठरले, मग पटाच्या क्रमाने 32-32 चे आठ वर्ग, 1ए ते 8ए, पाडले गेले.

प्रश्न: खासगी शाळांचा पट गुणून का धरतात?

खासगी शाळेला प्रवेशाची भौगोलिक हद्द नसते, ती लांबूनही खेळाडू घेऊ शकते. म्हणून इलिनॉयमध्ये अशा शाळांच्या पटाला 1.65 ने गुणतात. 400 मुलांची शाळा 660 ची धरली जाते. पट गुणण्यापेक्षा सतत जिंकणाऱ्या संघाला वरच्या वर्गात चढवण्याची इंडियानाची पद्धत आम्हाला अधिक न्याय्य वाटते. दुबळ्या खासगी शाळेला तिथे नाहक शिक्षा होत नाही.

प्रश्न: सॉकरमध्ये असते तशी बदलीला मर्यादा इथे नाही म्हणतात. मग 'इल्लीगल सब्स्टिट्यूशन' (नियमबाह्य बदली) चा दंड कशाबद्दल?

किती खेळाडू बदलले यावर बंधन नाही, बंधन आहे ते वेळेवर. बहुतेक राज्ये एनएफएचएस या राष्ट्रीय महासंघाचे नियम वापरतात. त्यानुसार दोन डाऊनच्या (डाऊन म्हणजे चढाईचा एक प्रयत्न) मधे कितीही खेळाडू बदला, पण ज्याच्या जागी नवा आला त्याने 3 सेकंदांत बाहेर निघायला हवे, तेही आपल्या संघाच्या बाजूने किंवा एंड लाइनवरून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेवरून. एखादा आत आला आणि तोच डाऊन खेळण्याआधी परत फिरला, तरी दंड होतो. मधे टाइमआउट घेतला गेला, दंड स्वीकारला गेला किंवा क्वार्टर संपला, तर मात्र चालते.

अकरांच्या संघात बारावा खेळाडू किती महागात पडेल हे तो काय करतोय यावर ठरते. बाहेर पळता पळता स्नॅप झाला (डाऊन सुरू करायला चेंडू मागे दिला गेला) आणि त्याचा खेळाशी संबंध आला नाही, तर 5 यार्डांचा दंड. बारा जण प्रत्यक्ष डाऊन खेळले, तर तो 'इल्लीगल पार्टिसिपेशन' (नियमबाह्य सहभाग), म्हणजे 15 यार्ड. बदलीचे नाटक करून खेळाडू साइडलाइनजवळ दडवला तरी 15 यार्डच. याच कारणाने चढाईच्या प्रत्येक खेळाडूला पंचांनी चेंडू खेळासाठी तयार असल्याचे दाखवल्यावर आणि स्नॅपआधी, क्षणभर का होईना, दोन्ही साइडलाइनपासून 9 यार्डांवरच्या खुणांच्या आत यावे लागते.

चुका बहुतेक वेळा पंट (चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे पाठवणे) आणि किकऑफच्या (लाथेने खेळ सुरू करण्याच्या) वेळी होतात, कारण तेव्हा अख्खी तुकडी बदलते. नेहमीचा खेळाडू आधीच्या डाऊनला जखमी होऊन बाहेर गेला असेल, तर त्याच्या जागी कधी दोघे धावतात, कधी कोणीच नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक तुकडी एका प्रशिक्षकाकडे द्यावी, प्रत्येक जागेचा राखीव नावानिशी ठरवावा, आत जाणाऱ्याने बाहेर येणाऱ्याचे नाव मोठ्याने घ्यावे आणि एका खेळाडूने स्नॅपआधी अकरा मोजावेत.

टेक्सासच्या यूआयएल सामन्यांना मात्र कॉलेजचे, म्हणजे एनसीएएचे नियम लागतात. तिथे चढाईने खेळाडू बदलले तर बचावालाही बदलीची संधी देईपर्यंत पंच स्नॅप होऊ देत नाहीत, आणि बचावाच्या बाराव्या खेळाडूला 5 यार्डच पडतात.

प्रश्न: हेल्मेट निघाले म्हणून चांगल्या खेळाडूला बाहेर काढले. टाइमआउट घेऊन त्याला ठेवता आले नसते का?

एनएफएचएस नियमांत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या फाउलशिवाय हेल्मेट निघाले तर निदान एक डाऊन बाहेर. सुटका फक्त मध्यंतर किंवा जादा वेळेआधीचा विराम आला तरच. एनसीएए नियमांत टाइमआउट खर्चून त्याला ठेवता येते. वारंवार निघणारे हेल्मेट बहुधा मापात नसते किंवा हनुवटीचा पट्टा सैल असतो, ते सामन्याआधी तपासा.

मेंदूच्या आघाताची लक्षणे, म्हणजे चक्कर, गोंधळलेपण, डोकेदुखी किंवा तोल जाणे दिसले, तर मात्र एका डाऊनचा प्रश्नच उरत नाही. खेळाडू तत्काळ बाहेर, आणि अधिकृत आरोग्यतज्ज्ञाने परवानगी दिल्याशिवाय परत नाही. इथे कोणत्याही पालकाने 'बरा आहे तो' म्हणून आग्रह धरू नये.

प्रश्न: आमच्या शाळेत जेमतेम वीस खेळाडू आहेत. अमर्याद बदलीचा आम्हाला काय उपयोग?

कागदावरचा नियम 1ए आणि 6ए ला सारखाच, पण फायदा भरलेल्या बाकाला. मोठ्या शाळेत चढाई, बचाव आणि किकचे खेळाडू वेगवेगळे. तुमच्याकडे तेच अकरा दोन्ही बाजूंनी खेळणार. तेव्हा बदली संख्येने नव्हे, क्रमाने आखा. किकऑफच्या तुकडीत दमलेले लाइनमन (पुढच्या फळीतले खेळाडू) टाळा, दोघांना तरी लांब स्नॅप (किक मारणाऱ्यापर्यंत चेंडू मागे देणे) शिकवा.

जर्सीचे क्रमांकही पाहून ठेवा. 50 ते 79 क्रमांकाचा खेळाडू पुढे टाकलेला पास झेलू शकत नाही, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगसारखे पंचांना कळवून त्याला पात्र करण्याची सोय शालेय नियमांत नाही. लाइनमनला एंडवर, म्हणजे फळीच्या टोकाच्या पास झेलणाऱ्या जागेवर, न्यायचे असेल तर दुसऱ्या क्रमांकाची जर्सी सोबत ठेवा आणि बदलताना पंचांना सांगा. टेक्सासमधल्या 1ए शाळांच्या सहा जणांच्या खेळात ही अडचण येत नाही, तिथे सहाही जण पास झेलू शकतात.