निळी कॅन आधी बाहेर

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी राहते. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलगी पावणेपाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. लेकरं कमी वस्तूंत, मातीत, प्लॅस्टिकशिवाय वाढावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणून डायपर बंद करून लंगोट सुरू केले, प्लॅस्टिकची खेळणी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली, दुकानातल्या पुड्या बंद केल्या, गॅस कमी करून चूल मांडली. शेजारीण विचारते, 'काहून वं, डायपर घ्याले पैसे नाई का?' सासूबाई म्हणतात, 'आमी जलमभर ज्याच्यातून सुटाले पाह्यलं, तेच तू लेकराइच्या मागं लावून राह्यली.' मामंजी लपून पुडी देतात. दिवाळीत नागपूरला पुतणीचा वाढदिवस पाहून आल्यापासून पोरीला तसाच हवा आहे. नाही म्हटलं तर दोन दिवस नीट जेवली नाही. तिचा वाढदिवस संक्रांतीनंतर आहे. नवरा मध्ये पडत नाही. सासूबाईंचं आणि माझं एकाच गोष्टीत जुळतं, त्या काहीच फेकत नाहीत. तेलाचे डबे तर जपतातच, फवारणीच्या औषधाची निळी कॅनसुद्धा धुऊन न्हाणीत पाण्याला ठेवली आहे. मी चुकते आहे का?"

पत्रात तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या दोन ओळींवर थांबले. लंगोट, पुड्या, वाढदिवस, सगळ्यावर बोलू. आधी ती निळी कॅन न्हाणीतून बाहेर काढ. हे वाचून झालं की लगेच.

कॅन कितीही धुतली तरी औषध त्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं असतं. झाकणाच्या आट्यांत, हँडलच्या पोकळीत बसलेलं तर धुताना निघतही नाही. तुझा दीड वर्षाचा मुलगा त्या पाण्यात हात घालणार, तोच हात तोंडात घालणार. तुमच्याच जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ती मोठी माणसं होती, कामाची सवय असलेली. लेकराचं वजन किती असतं, सांग.

काढताना हातात मोजे घाल, नसतील तर जाड पिशवी गुंडाळ. कॅनला दाभणाने किंवा विळ्याने चार भोकं पाड, म्हणजे पुन्हा कुणी तिच्यात पाणी, तेल, रॉकेल भरणार नाही. जाळू नको, विहिरीजवळ किंवा नाल्यात टाकू नको. लेकरांच्या हाती लागणार नाही अशी वेगळी ठेव आणि कृषी सहायकाला किंवा औषध घेता त्या कृषी केंद्राला विचार, ती कुठे द्यायची. पुढच्या हंगामात नवऱ्याला सांग, कॅन रिकामी झाली की तीनदा विसळायची, प्रत्येक वेळचं विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि कॅन तिथेच शेतावर भोसकायची. ती घरी यायलाच नको. फवारून आला की आंघोळ केल्याशिवाय त्याने लेकरू उचलायचं नाही आणि त्याचे ते कपडे लंगोटांच्या बादलीत जायचे नाहीत. नवरा मध्ये पडत नाही असं तू लिहिलंस. इथे त्याला पडावंच लागेल, कारण हे काम त्याचंच आहे.

सासूबाईंना मात्र ओरडू नको. ज्या बाईने घागर फुटली तर तिच्या खापरात कोंबड्यांना पाणी ठेवलं, तिला धड कॅन फेकवत नाही. ही वाईट खोड नाही, उलट तू जी सवय लेकरांना लावू बघतेस तीच ही आहे. फक्त तेलाचा डबा वेगळा आणि विषाची कॅन वेगळी. हे त्यांना तसंच सांग. त्या कॅनच्या जागी एक चांगली बादली आणून ठेव आणि मग कॅन ने.

आता चूल. ती लेकरांपासून दूर कर, हे मी स्पष्टच सांगते. अंगणात उघड्यावर कधीमधी पाणी तापवलं, रोडगे लावले, वांग्याचं भरीत भाजलं, तर खुशाल. पण रोजचा स्वयंपाक पऱ्हाट्या नि तुराट्या जाळून आणि मुलगा कडेवर, हे नको. पाच वर्षांखालच्या लेकरांना न्यूमोनिया होण्यामागे घरातला धूर हे एक मोठं कारण आहे. पऱ्हाट्यांवर तर हंगामभराची फवारणी झालेली असते, हेही लक्षात घे. सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटवावी लागणाऱ्या बाया आपल्याच गावांत आहेत. तुझ्या घरी गॅस आहे, तो वापर. चुलीवरच्या भाकरीची चव मलाही ठाऊक आहे. त्याच चुलीपुढे बसून माझ्या आईचे डोळे कायम लाल असायचे, तेही ठाऊक आहे.

सकाळी झाडलोट झाल्यावर कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग पेटवायची आपल्याकडे सगळीकडे सवय आहे. पालापाचोळा उकिरड्यावर जाऊ दे. पुड्या, पिशव्या, तुटक्या चपला त्या आगीत जातात ना, तो धूर सगळ्यात वाईट, आणि शेकायला लेकरंच पुढे बसतात. यात तुझी नि सासूबाईंची लढाई होण्यासारखं काही नाही. हे बंद करायला पैसाही लागत नाही.

आणि पिण्याचं पाणी कुठलं आहे? यवतमाळमध्ये पांढरकवडा, झरी जामणी या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. माठात पाणी गार होतं, पण फ्लोराइड जात नाही. उकळूनही जात नाही. ग्रामपंचायतीला विचारून एकदा तपासून घे, कारण लेकरांचे पक्के दात याच वयात हिरडीच्या आत तयार होत असतात.

लंगोटांवर तू सगळ्यात जास्त लिहिलंस, त्यामुळे त्यावर थोडं थांबते. माझी आई आम्हा भावंडांचे लंगोट गावच्या नाल्यावर धुवायची. माघाच्या गारठ्यात तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. रात्री ती वाटीत जवसाचं तेल कोमट करून एकेका चिरेत बोटाने भरायची आणि पहिल्या थेंबाला तोंडातून 'स्स' निघायचा. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. म्हणून तुला विचारते, तुझ्या घरी लंगोट धुतं कोण? हापशीवरून पाणी आणतं कोण? ते तू लिहिलं नाहीस. सासूबाई धूत असतील, तर त्यांचा राग डायपरवरून नाही, त्यांच्या कमरेवरून आहे, आणि तो रास्त आहे. तू एकटी धूत असशील आणि शिवाय कापूस वेचायला जात असशील, तर उन्हाळ्यात पाणी आटेल तेव्हा तू मोडून पडशील.

लंगोट चांगलाच. जुन्या धोतराचा, जुन्या लुगड्याचा, मऊ झालेला, आणि आपलं ऊन तर असं की तासाभरात कडक वाळतो. दिवसा तोच ठेव. मुलगा दीड वर्षाचा आहे, दिवसा दर दोन तासांनी बसवायची सवय लावलीस तर काही महिन्यांत लंगोटही थोडेच लागतील. पण रात्री, प्रवासात, आणि पावसाळ्यात कपडा दमट राहून जांघेत पुरळ येतं तेव्हा डायपर बांध, आणि बांधताना मनाला खाऊ नको. वापरलेला डायपर कुजत नाही, वरून प्लॅस्टिक नि आत पाणी धरणारा रसायनाचा गोळा असतो. तो जाळायचा नाही. दोन खड्ड्यांच्या संडासात टाकायचा नाही, नाहीतर वर्षभरात ज्या मैल्याचं खत व्हायचं त्याचा चिखल होईल आणि नळी तुंबेल ती वेगळीच. आतली घाण संडासात झटक, डायपर गुंडाळून एका पोत्यात साठव आणि तालुक्याला जाल तेव्हा घंटागाडीत द्या. आठवड्याला पाच-सातच असतील तर हे जमतं. म्हणूनच थोडे वापरायचे. आणि पाणी भरून आणायचं काम नवऱ्याकडे दे. विनंती नको करू, वाटून दे.

सासूबाईंचं ते वाक्य पुन्हा वाच: 'आमी जलमभर ज्याच्यातून सुटाले पाह्यलं.' तुझ्यासाठी साधं राहणं म्हणजे निवड आहे. त्यांना ती निवड कुणी दिली नव्हती. त्यांना एकदा निवांत बसवून विचार, की आई, तुमच्या वेळचं काय पुन्हा नको वाटतं आणि काय आठवतं? पहिल्या यादीत पाणी, धूर, जातं येईल. त्या यादीतलं काहीही आदर्श म्हणून घरात परत आणू नको. दुसऱ्या यादीत जे येईल त्यावर तुमचं दोघींचं जुळेल. आपल्याच मातीतल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर अंगावर चिंध्या नि हातात खापर वागवलं, पण त्यांचं सांगणं होतं की हातावर भाकर घेऊन खा, पण लेकरांना शिकवा. काटकसर कुठे करायची आणि कुठे हात आखडायचा नाही, हे त्यांना नेमकं कळत होतं. म्हणून पोरीच्या वह्या, रंग, चित्रांची पुस्तकं यात 'कमी वस्तू' आणू नको.

मामंजींची पुडी. त्यांना पुडी द्यायची नसते गं, शेतातून आल्यावर नातवंडं पायाला बिलगावीत एवढंच हवं असतं. ती जागा हिरावून घेतलीस म्हणून ते लपून देतात, आणि लेकरू मात्र लपवायला शिकतं. त्यांच्या कुडत्याच्या खिशात एक लहान कापडी पिशवी शिवून दे. आता बोरांचा हंगाम आहे, पुढे हुरडा येईल, ओला हरभरा येईल, उन्हाळ्यात टेंभरं नि चारं, मृगात जांभळं. मधल्या दिवसांत फुटाणे, गूळ-शेंगदाणे. आठवडी बाजाराच्या दिवशी एक पुडी उघड, सगळ्यांसमोर, वाटून खायची. तेवढ्याने काही बिघडत नाही.

माळ्यावरचं खेळण्यांचं पोतंही खाली काढ. जी आहेत ती तुटेपर्यंत खेळू दे. लेकराच्या हातून वस्तू काढून घेतली की तिची किंमत दुप्पट होते. आणि माळ्यावर चढशीलच तर बघ, तान्ह्या पोळ्याला लेकरं ओढत नेतात तो नवऱ्याचा लाकडी नंदी तिथेच कुठे धूळ खात असेल. आपल्याकडच्या बहुतेक घरांत असतो. एक शिंग मोडलेलं, एक चाक गेलेलं. चाक सुताराकडून करून घ्या, रंग बापलेकीने मिळून द्यावा. पोळ्याला अजून बरेच महिने आहेत, पण पोरगी तोवर थांबणार नाही. दोरी बांधून दुसऱ्याच दिवशी गल्लीभर ओढेल.

राहिला वाढदिवस. केक आण. फुगेही लाव, पाच वर्षांच्या पोरीसाठी पाच. नागपूरच्या बहिणीसारखं हवं म्हणताना तिला थर्माकोल नको असतो, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं एवढं हवं असतं. ते तिला भरभरून दे. जेवणाच्या ताटांचं मात्र तू ठरव. थर्माकोलच्या ताट-वाट्यांना आपल्या राज्यात 2018 पासूनच बंदी आहे, त्यामुळे त्यावर वाद घालायचीही गरज नाही.

पत्रावळी सासूबाईंकडे सोपव. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण पत्रावळीला त्यातलं मधलं मोठं पान खरं कामाचं. ही पानं आत्ताच तोडा, कारण पुढे माघ-फाल्गुनात पळस पानं झाडून फुलावर येतो. तोडलेली पानं एकावर एक चळत लावून वर पाटा ठेवायचा, म्हणजे सपाट राहतात. कडुनिंबाच्या नाहीतर बांबूच्या बारीक काडीने एकेक टाका, काडी आत घालायची, वर काढायची आणि नखाने मोडायची. हे सगळं त्यांच्या बोटांना न बघता येत असणार. पोरीला शेजारी बसवून काड्या तिच्या हातात दे. पहिल्या दिवशी तिची पत्रावळ डाव्या बाजूने उघडी राहील, तिसऱ्या दिवशी वरण थोपवेल. संक्रांतीपर्यंत चाळीस-पन्नास सहज होतात. ज्या शेजारणीने डायपरच्या पैशांचं विचारलं ना, तिलाही एका दुपारी टाके घालायला बोलाव. तिच्याही सासूने हे केलेलं असणार.

जेवणं झाली की पत्रावळी गाईपुढे नाहीतर उकिरड्यावर. त्या रात्री भांडी घासायला कुणी बसणार नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेव. आणि केक कापताना चाकू पोरीच्या हातात असला तरी पहिला तुकडा तिने आजीला भरवावा, हे तिच्या कानात सांग.